नंदादेवीचं राखीव जीवावरण आणि रैणी-लाताचे लोक

मागच्या व्याख्यानात आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापाशी थांबलो होतो. प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता, तो वेळेअभावी मी आजवर ढकलला. राष्ट्रीय उद्यान आहे, अभयारण्य आहे, व्याघ्रप्रकल्प आहे, मग हे बायोस्फीअर रिझर्व्ह आणखी कशाला? सगळीकडे प्राणीच राखतात ना? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायचं तर पन्नास-साठ वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. आज तेच करू.

आधी शब्द. शाळेच्या भूगोलात आपण चार आवरणं शिकलो: शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण. यातलं शेवटचं म्हणजे बायोस्फीअर. म्हणून मराठीत आपण 'राखीव जीवावरण' म्हणू शकतो. शब्द जरा जड आहे, पण त्यात एक गंमत आहे. जीवावरण म्हटलं की त्यात वाघ आला, गवत आलं, बुरशी आली आणि माणूसही आला. माणसाला वगळून जीवावरण होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना यादी पाठ असते. भारतात अशी १८ क्षेत्रं, पहिलं निलगिरी, वर्ष १९८६. या अठरांत महाराष्ट्रातलं एकही नाही, गोव्यातलंही नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे सातपुड्यातलं पचमढी, १९९९ चं. निलगिरीशी मात्र आपलं नातं आहे. त्या क्षेत्राची आखणी करण्यात पुण्याच्या डॉ. माधव गाडगीळांचा मोठा वाटा होता. पण आज मी निलगिरी घेणार नाही. उत्तराखंडातली नंदादेवी घेणार आहे, कारण संरक्षणाचा फायदा कशाला झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, ही दोन्ही खाती तिथे शेजारी शेजारी उघडी दिसतात.

पण त्याआधी ही कल्पना आली कुठून, ते पाहू. जंगल राखायचं म्हणजे माणूस बाहेर काढायचा, हा नमुना जगाला दिला अमेरिकेतल्या यलोस्टोननं, १८७२ साली. तिथे शोशोनी, क्रो अशा जमाती पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत, राहत होत्या. उद्यान झालं आणि त्या उपऱ्या ठरल्या. हाच नमुना पुढे जगभर गेला. आपल्याकडे १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झालं, म्हणजे आजचं कॉर्बेट. इथेही मूळ विचार तोच.

१९६८ मध्ये युनेस्कोनं पॅरिसला जीवावरणावर एक मोठी परिषद भरवली. निसर्ग राखणं आणि निसर्ग वापरणं या दोन गोष्टी एकत्र बसवता येतील का, असा तिथला प्रश्न होता. त्यातून १९७१ मध्ये 'मानव आणि जीवावरण' हा कार्यक्रम सुरू झाला. नावात मानव आधी आहे, बघा. १९७४ मध्ये राखीव क्षेत्रांचे निकष ठरले आणि १९७६ मध्ये पहिली क्षेत्रं जाहीर झाली. आज जगात अशी साडेसातशेहून जास्त क्षेत्रं आहेत.

कल्पना अशी की एका आत एक तीन पट्टे आखायचे. मधला गाभा, त्याला कोअर म्हणतात. तिथे हात लावायचा नाही, फक्त निरीक्षण. त्याभोवती बफर, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर राखणीचा पट्टा. तिथे चराई, औषधी वनस्पती गोळा करणं, संशोधन, थोडं पर्यटन, असं गाभ्याला न दुखवणारं काम चालेल. आणि सगळ्यात बाहेर संक्रमणाचा पट्टा, गावं, शेती, बाजार. हा तिसरा पट्टा जरा उशिरा, १९८० च्या दशकात नीट रुजला, आणि १९९५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथल्या परिषदेनंतर तो आराखड्याचा पक्का भाग झाला. वन्यजीवांच्या दृष्टीनं यात मोठा शहाणपणा आहे. हिमबिबट्या किंवा हत्ती काही नकाशा वाचून चालत नाही. गाभा कितीही कडक राखला, पण त्याच्या कुंपणाला लागून खाण असेल, तर तो गाभा बेट होतो आणि बेटावरची प्रजा हळूहळू संपते. सभोवतालची जमीन आणि तिथले लोक सोबत असले, तरच आतलं टिकतं.

हे झालं कागदावरचं. आता जागेवर जाऊ.

नंदादेवी, उंची ७,८१६ मीटर. पूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेलं सगळ्यात उंच शिखर. पण तिची उंची बाजूला ठेवा, तिची बैठक पाहा. शिखराभोवती दुसऱ्या शिखरांचं जवळजवळ बंद कडं आहे, परातीची कड असावी तसं, आणि त्या परातीच्या मधोमध ही उभी. परातीला एकच फट आहे. त्या फटीतून ऋषिगंगा बाहेर पडते. ही घळ इतकी अवघड की १९३४ पर्यंत बाहेरचं कोणी आत पोहोचल्याची नोंद नाही. त्या वर्षी एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज गिर्यारोहक, तीन शेर्पांसह, या घळीतून आत गेले. १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल शिखरावर पोहोचले. पुढे १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसानं चढलेलं ते सगळ्यात उंच शिखर होतं.

आत काय होतं? कुरणं, भूर्जाची झाडं, भरल म्हणजे हिमालयातल्या निळसर मेंढ्या, कस्तुरीमृग, थार, आणि त्यांच्यामागे हिमबिबट्या. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारनं हे शिकारबंदीचं अभयारण्य केलं. खरं सांगायचं तर त्या काळात याला संरक्षणाची गरज नव्हती. घळच राखण करत होती.

आता घळीच्या बाहेर या. ऋषिगंगा जिथे धौलीगंगेला मिळते तिथे रैणी हे गाव, आणि नीती खोऱ्यात थोडं वर लाता. जोशीमठहून साधारण पंचवीस किलोमीटर. इथले लोक भोटिया, त्यांत तोल्छा आणि मार्छा असे भाग. यांचं आयुष्य तिबेटशी होणाऱ्या व्यापारावर उभं होतं. उन्हाळ्यात मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून नीतीची खिंड ओलांडायची, तिकडून मीठ आणि लोकर आणायची. मेंढी हेच भांडवल आणि मेंढी हीच मालगाडी. लाता गावात नंदादेवीचं देऊळ आहे. गढवालात नंदा ही लेक आहे, सासरी कैलासाला पाठवलेली. आपल्याकडे गौरी माहेरपणाला येतात ना, त्याच घरातली ही भावना. दर बारा वर्षांनी नंदेला सासरी पोचवायची मोठी यात्रा निघते, तिला राजजात म्हणतात.

१९६२ चं चीन युद्ध झालं आणि खिंड बंद झाली. एका वर्षात शेकडो वर्षांचा व्यापार संपला. उरलं काय? मेंढ्या उरल्या, त्यांना चरायला वरची कुरणं उरली, औषधी मुळ्या उरल्या आणि थोडी शेती. म्हणजे आतापर्यंत ज्या डोंगराच्या बाजूनं हे लोक तिबेटला जायचे, आता त्या डोंगरावरच पोट आलं.

मध्येच एक भानगड झाली, ती सांगायचा मोह आवरत नाही. १९६४ मध्ये चीननं अणुचाचणी केली. लोप नोरच्या बाजूला काय चाललंय हे ऐकण्यासाठी १९६५ मध्ये अमेरिकी आणि भारतीय गुप्तहेर खात्यांनी मिळून नंदादेवीवर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याची वीज प्लुटोनियमवर. हवामान बिघडलं, यंत्र वर बांधून ठेवून पथक खाली आलं. पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर यंत्र गायब. आजवर सापडलेलं नाही. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंना संसदेत हे कबूल करावं लागलं. या विषयावर वेगळं व्याख्यान होईल, आज एवढंच. मुद्दा असा की या डोंगराबद्दलचे निर्णय खालच्या गावांना न विचारता घ्यायची सवय जुनी आहे.

आता १९७४. रैणीच्या जंगलातली जवळपास अडीच हजार झाडं लिलावात विकली गेली. गावात विरोध होता. चंडीप्रसाद भट्ट आणि गोविंदसिंह रावत यांनी लोकांना चिपको आंदोलनासाठी तयार केलं होतं. २६ मार्चला गावातले पुरुष चमोलीला गेले होते. १९६२ नंतर लष्करानं घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून त्यांना बोलावलं होतं. म्हणजे नेमके तेव्हा पुरुष गावात नाहीत आणि ठेकेदाराची माणसं जंगलाच्या वाटेला लागली. गौरा देवी ही महिला मंडळाची प्रमुख, विधवा, पन्नाशीच्या आसपासची. ती सत्तावीस बायका-मुलींना घेऊन जंगलात गेली आणि त्यांनी तोड होऊ दिली नाही. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्या म्हणाल्या, असं तिकडे सांगतात. पुढे सरकारनं वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं गावकऱ्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि त्या भागातली तोड थांबली. चिपकोचं नाव जगभर गेलं ते मुख्यत्वे या रैणीमुळे.

आणि त्याच १९७४ मध्ये दुसरी एक गोष्ट झाली. आतला प्रदेश परदेशी गिर्यारोहकांसाठी खुला झाला. नंदादेवी म्हणजे गिर्यारोहकांच्या यादीत वरचं नाव. मोहिमांवर मोहिमा आल्या. रैणी-लाताच्या तरुणांना हमालीचं, वाटाड्याचं काम मिळालं, रोख पैसा हातात आला. पण एका मोहिमेबरोबर किती माणसं जातात याचा अंदाज करा. एवढ्यांना सरपण लागतं, आणि त्या उंचीवर सरपण म्हणजे जुनिपरची झुडपं. वाढायला दशकं आणि जळायला एक संध्याकाळ. डबे, दोर, कचरा तिथेच. लवकुमार खाचर हे निसर्ग-अभ्यासक १९७७ मध्ये आत गेले. त्यांचा लेख पुढच्या वर्षी आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या नियतकालिकात आला. आतल्या भागावर किती ताण आलाय याकडे लक्ष वेधणाऱ्यांत ते आघाडीवर होते. ताण खराच होता, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की सरकारनं उगाच दरवाजा लावला.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना निघाली. १९८३ पासून गिर्यारोहण बंद, ट्रेकिंग बंद, चराई बंद, औषधी मुळ्या काढणं बंद. आतला सुमारे ६३० चौरस किलोमीटरचा प्रदेश पूर्ण मिटला. १९८८ मध्ये त्याला दोन मान मिळाले: एक, जागतिक वारसा. दुसरा, राखीव जीवावरण. पुढे हद्द वाढवली. आज सरकारी यादीत नंदादेवी राखीव जीवावरणाचं क्षेत्र ५,८६० चौरस किलोमीटर आहे, आणि बफरमध्ये ४७ गावं आहेत. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला.

तारखांचा क्रम नीट पाहा. आधी कडक उद्यान, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी माणसाला सामावून घेणारी जीवावरणाची कल्पना. म्हणजे कुलूप आधी लागलं आणि घरातल्यांशी बोलणी नंतर. माझ्या मते भारतातल्या बऱ्याच राखीव जीवावरणांची गोम इथेच आहे. गाभ्याला वन्यजीव कायद्याचं बळ असतं, कारण तो बहुतेक ठिकाणी आधीचं राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यच असतो. बाहेरच्या पट्ट्यांना राखीव जीवावरण म्हणून स्वतःचा कायदा नाही. ती केंद्र सरकारची योजना आहे, निधी येतो, आराखडा होतो, फलक लागतो. पण कोणी तिथे धरण बांधायला आलं, तर 'हे राखीव जीवावरण आहे' एवढ्या एका वाक्यावर ते थांबत नाही.

वन्यजीवांचं काय झालं? बंदीनंतर दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, लष्कराच्या अभियंत्यांचं पथक आणि शास्त्रज्ञ आत गेले. त्यांनी जुन्या मोहिमांचा कचरा गोळा करून बाहेर आणला आणि वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी घेतल्या. तुडवलेली जमीन सावरत होती, झुडपं परत येत होती. दरवाजा बंद केल्याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. हिमबिबट्यासारखा प्राणी, ज्याला प्रचंड मोठा निर्जन मुलूख लागतो, त्याच्यासाठी असा गाभा म्हणजे चैन नाही, ती किमान गरज आहे.

पण लातामध्ये? व्यापार १९६२ मध्ये गेला होता. १९८३ मध्ये कुरणं गेली, मुळ्या गेल्या, हमालीचा पैसाही गेला. मेंढ्या विकाव्या लागल्या. मेंढ्या गेल्या की लोकर गेली, लोकर गेली की बायकांचं विणकाम आटलं. आतले प्राणी वाढले की ते बाहेर येतात. अस्वलं शेतात, बिबट्या गोठ्यात. बफरमधल्या गावांत झालेल्या अभ्यासांत पिकांचं नुकसान आणि मारली जाणारी जनावरं या तक्रारी सतत येतात, आणि मिळणारी भरपाई थोडी, तीही उशिरा. ज्या बायकांनी करवत थांबवली, त्यांनाच काही वर्षांनी जंगलाच्या वरच्या वाटेवर पावलं टाकायला मनाई. माहेरी जायला परवाना.

१९९८ मध्ये लाता आणि आसपासच्या गावकऱ्यांनी आंदोलन केलं. नाव 'झपटो छीनो', म्हणजे झडप घाला आणि हिसकावून घ्या. बायका, मुलं, म्हातारी माणसं, ढोल घेऊन सगळे गाभा क्षेत्रात शिरले. चिपको सगळ्यांना माहीत आहे, शाळेत धडा असतो. झपटो छीनो कोणाला माहीत नाही. पहिल्यात गावकरी झाड वाचवतात म्हणून आपल्याला आवडतात. दुसऱ्यात ते त्याच जंगलावर हक्क सांगतात, आणि मग आपण जरा अवघडतो.

या आंदोलनातून नुसती ओरड निघाली नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये लाताच्या ग्रामसभेत एक जाहीरनामा झाला. पर्यटन येणार असेल तर ते गावाच्या हाती असावं, बाहेरच्या कंपन्यांच्या नाही. कामात स्थानिकांना, बायकांना वाटा मिळावा. डोंगराची नासाडी होऊ नये. २००३ मध्ये लाताच्या वाटेनं, बाहेरच्या काठापर्यंत, मोजक्या लोकांना, स्थानिक वाटाड्यासह जायला परवानगी मिळाली. शिखराकडचा भाग बंदच राहिला. माझा मुद्दा एवढाच, की बफरमध्ये काय चालावं हे १९७० च्या दशकात पॅरिसमधल्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं, आणि जवळपास तेच लाताच्या लोकांनी आपल्या गरजेतून लिहून काढलं. मध्ये अडकला होता तो आपला कारभार.

आता शेवटचा भाग. ७ फेब्रुवारी २०२१, रविवार, सकाळ. रोंती शिखराच्या उतारावरून बर्फ आणि खडकाचा प्रचंड भाग सुटला आणि ऋषिगंगेच्या खोऱ्यात कोसळला. रैणीजवळ ऋषिगंगेवर १३.२ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प होता, तो पुसला गेला. खाली तपोवनला ५२० मेगावॅटच्या प्रकल्पाचं काम चालू होतं, तिथल्या बोगद्यात मजूर अडकले. दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. कडा प्रकल्पामुळे सुटला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण अशा अस्थिर खोऱ्यात प्रकल्प आणि मजूर होते म्हणून बळी इतके गेले, हे शास्त्रज्ञांनीही सांगितलं आहे.

आणि हा प्रकल्प कुठे होता? राखीव जीवावरणाच्या बफरमध्ये. मेंढीला बंदी, बोगद्याला नाही. रैणीचे गावकरी या प्रकल्पातल्या स्फोटांविरुद्ध आधीच, २०१९ मध्ये, नैनितालच्या उच्च न्यायालयात गेले होते. दुर्घटनेनंतर रैणी आणि जोशीमठच्या पाच जणांनी प्रकल्पांविरुद्ध पुन्हा याचिका केली. जुलै २०२१ मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयानं याचिकाकर्त्यांच्या हेतूबद्दल शंका घेतली आणि प्रत्येकी १०,००० रुपये दंड केला. त्याच पावसाळ्यात नदीनं रैणीच्या पायथ्याची जमीन खायला घेतली. गावात गौरा देवींचा पुतळा होता. तो जूनमध्ये तिथून हलवून जोशीमठला न्यावा लागला.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे. पहिल्या रांगेतून विचारतायत: मग गाभा उघडावा का? मला विचाराल तर शिखराकडचा भाग बंद ठेवावा, कुरणांच्या खालच्या कडा गावांना हंगामापुरत्या द्याव्यात, आणि बफरला कायद्याचं बळ द्यावं. तिथे काही मोठं बांधायचं असेल तर ग्रामसभेची संमती लागावी. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं. दुसरा प्रश्न, तिथे जाता येतं का? येतं. जोशीमठला वनखात्याचा परवाना काढायचा, वाटाड्या लाता गावातलाच घ्यायचा, उतरायचंही गावातल्या घरात. पावसाळ्याच्या ऐन मध्यात जाऊ नका, रस्ता बंद पडतो. पुढच्या महिन्यात निलगिरीवर बोलू, सायलेंट व्हॅलीपासून सुरुवात करून.